घरी ऑक्सिजन लावायचा आहे: मशीन घ्यावे की सिलिंडर?

सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) किंवा फुप्फुसांच्या फायब्रोसिसच्या रुग्णाला डॉक्टरांनी 'रोज किमान १५ तास ऑक्सिजन' लिहून दिला, की घरात पहिला प्रश्न हाच येतो. आमचे मत आधीच सांगतो: गोव्यात मुख्य भार मशीनवर (ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर) टाका आणि एक लहान सिलिंडर राखीव ठेवा.

याचे कारण साधे गणित आहे. मिनिटाला २ लिटर या वेगाने १६ तासांना १,९२० लिटर ऑक्सिजन लागतो. भरलेल्या बी-टाइप, म्हणजे लहान सिलिंडरात साधारण १,५०० लिटर मावतो, म्हणजे तो साडेबारा तासांत संपतो. मोठ्या डी-टाइपमध्ये सुमारे ७,००० लिटर असतो आणि तो साडेतीन दिवस पुरतो. पण तो एकट्याने हलवता येत नाही, साखळीने भिंतीला बांधावा लागतो, आणि सत्तरी-काणकोणच्या आतल्या वाड्यावर भर पावसात तो भरून आणायचा कोणी? मशीन खोलीतल्या हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढते. त्याची शुद्धता ९० ते ९५ टक्के असते, सिलिंडरची ९९ च्या वर. नाकाशी खोलीतली हवा मिसळतेच, त्यामुळे २ लिटरवर हा फरक जाणवत नाही.

मशीनची खरी अडचण वीज. जून-जुलैत माडाची झावळ तारेवर पडली की पुरवठा कधी येईल याचा नेम नसतो. ५ लिटरचे (मिनिटाला ५ लिटरपर्यंत देणारे) मशीन साधारण ३५० वॅट घेते, म्हणजे १६ तासांना साडेपाच युनिट. १५० एएचच्या एका बॅटरीवर ते जेमतेम तीन तास चालेल. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच आणि किमान हजार व्हीएचा घ्या. कॉम्प्रेसर सुरू होताना जास्त करंट ओढतो, त्यामुळे लहान इन्व्हर्टर ट्रिप होतो. त्यापुढच्या तासांसाठी बी-टाइप सिलिंडर. त्याच्या दाबाचा काटा १५० वरून ७५ वर आला, की निम्मा संपला असे समजा आणि लगेच भरायला सांगा.

दुसरी अडचण दमटपणा. मशीनमधले झिओलाइट (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे दाणे) ओलावा धरते आणि मग शुद्धता घसरते. पावसाळ्यात मशीन पडून असेल तर आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास चालवा. भिंतीपासून फूटभर लांब ठेवा. न्हाणीत लाकडाची चूल पेटत असेल तर त्या बाजूला नकोच, काजळीने फिल्टर बुजतो. बाहेरचा फिल्टर दर आठवड्याला धुऊन पूर्ण वाळल्यावरच बसवा.

मशीन चालू आहे, वेग दाखवणाऱ्या नळीतली गोळी २ वर आहे, तरी रुग्णाला धाप लागते, अशी तक्रार वरचेवर येते. अशा वेळी नळीचे टोक पाण्याच्या पेल्यात धरा. बुडबुडे आले नाहीत तर बहुतेक वेळा मशीनला लावलेल्या, ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या पाण्याच्या बाटलीचे झाकण तिरके बसलेले असते किंवा नळी खाटेच्या पायाखाली दबलेली असते.

इस्पितळातून घरी येताना ऑक्सिजन नव्याने सुरू झाला असेल तर विकत घेण्याची घाई करू नका. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी लागते आणि काहींना तो पुढे लागतच नाही. तोवर मशीन भाड्याने घ्या. बाहेर फिरण्यासाठी बॅटरीवरचे लहान मशीन मिळते, पण त्यातली बरीचशी फक्त श्वास घेताना झोत सोडतात. आधी ते लावून, बोटाला ऑक्सिमीटर अडकवून चालून बघा, मगच पैसे द्या.

आगीचा धोका दोन्हींत सारखाच. समई, अगरबत्ती, गॅसची शेगडी यांपासून ३ मीटर लांब. चवथीला माटोळीखाली आरती चालू असताना रुग्णाची खुर्ची दुसऱ्या खोलीत ठेवा. विडी-सिगारेट तर घरातच नको, नळी नाकात असताना तोंड भाजते. नाकाला व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावू नका, पाण्याचे जेल चालते.

धाप वाढली म्हणून गोळी आपल्या मनाने ४ वर नेऊ नका. सीओपीडीत ऑक्सिमीटरवर साधारणपणे ८८ ते ९२ टक्के पुरतात. जास्त ऑक्सिजनने काही रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. सकाळी डोके दुखणे, गुंगी, बोलताना बरळणे ही त्याची लक्षणे. ती दिसली किंवा लिहून दिलेल्या वेगावरही आकडा ८८ च्या खाली राहिला, तर १०८ ला फोन करा.