रील मॉवर की रोटरी मॉवर?

घरच्या हिरवळीसाठी मॉवर, म्हणजे गवत कापायचे यंत्र, घेताना बहुतेक जण आधी क्षेत्रफळ मोजतात. माझ्या मते त्याआधी गवताची जात कोणती आहे आणि आठवड्यातून किती वेळा कापणी जमणार आहे, हे पाहायला हवे.

कापडावरची लव कातरणाऱ्या यंत्रावरून कल्पना घेऊन एडविन बडिंग याने १८३० साली इंग्लंडमध्ये पेटंट घेतलेली रचनाच आजच्या रील मॉवरमध्ये आहे. त्यात पिळाची पाती खालच्या स्थिर पात्याला लागून फिरतात आणि मध्ये सापडलेले पान कात्रीने कापल्यासारखे कापले जाते. रोटरीचे एकच आडवे पाते प्रचंड वेगाने गरगरत पानाला फटकारते. धार असेल तोवर हा कापही चालण्याजोगा असतो. पण धार गेली की पानांचे शेंडे फाटतात आणि एक-दोन दिवसांत सुकतात. गुडघे टेकून पान जवळून पाहिले, तर टोकाला सरळ रेषेऐवजी तपकिरी धाग्यांची झालर दिसते.

तरीही निर्णय केवळ कापावर करू नये. एका कापणीत पानाच्या उंचीचा एक-तृतीयांशापेक्षा जास्त भाग काढू नये, कारण पाने अचानक फार कमी झाली की मुळांची वाढ खुंटते. हरळी ४ सेंमी राखायची, तर ती ६ सेंमी होण्याआधीच कापावी लागते, म्हणजे वाढीच्या दिवसांत आठवड्यातून दोनदासुद्धा. एवढी सवड असणाऱ्याने खुशाल रील घ्यावे. एखादा आठवडा चुकला, तर मात्र लांब गवत रीलपुढे नुसते वाकते आणि तुऱ्यांच्या ताठ काड्या मागे तशाच उभ्या राहतात. टॉल फेस्क्यूसारखे गवत ७ ते ८ सेंमी राखायचे असते. तिथे, आणि सुट्टीच्या दिवशीच वेळ मिळणाऱ्याकडे, रोटरीच बरे. वाढलेले गवत त्यानेही एका दमात खाली आणू नये, काही दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा कापावे.

धार लावण्याच्या बाबतीत रोटरी सोपे आहे: बॅटरी किंवा स्पार्क प्लगची तार काढून ठेवावी, मगच पाते सोडवून कानस मारावी. रीलची धार जास्त टिकते. पण ती लावण्याचे काम जाणकाराचे आहे. शिवाय उंचवट्यांवर रील गवत पार मुळाशी खरवडते. तेव्हा रीलच घ्यायचे ठरले असेल, तर यंत्राआधी खळग्यांत माती भरून जमीन सारखी करून घ्यावी.