झेडपी, विद्यापीठ, वेतन पथक की संस्था? सोलापुरात शिक्षणाचा हिशेब सांभाळायचा तर कुणाच्या हाताखाली

बी.कॉम., एम.कॉम. झालेली, सीए इंटरच्या एका ग्रुपवर अडकलेली, जीडीसी अँड ए (सहकार व लेखा पदविका) देऊन बसलेली आपल्याकडची मुलं 'शिक्षण खात्यात अकाउंट्सची जागा' असं सरसकट म्हणतात. जाहिरात आली की वेतनश्रेणी बघायची, ठिकाण बघायचं आणि फॉर्म भरून टाकायचा. पण शिक्षणाचा पैसा सांभाळणारी माणसं एकाच सोलापुरात निदान पाच वेगवेगळ्या मालकांकडे नोकरीला आहेत. टेबलावर सगळ्यांच्या कॅशबुक, प्रमाणकं (व्हाउचर) आणि उपयोगिता प्रमाणपत्रंच (निधी कशावर खर्च झाला त्याचे दाखले) असतात, तरी नोकरीची जात प्रत्येक ठिकाणी निराळी.

माझं मत आधीच सांगून टाकतो. लेखा विभागाची जागा निवडताना दोन गोष्टी बघायच्या. तुमच्या नेमणुकीचा आणि बदलीचा आदेश कोण काढतो, आणि देयकावर तुमची सही कुणाला हवी असते. ही दोन माणसं वेगळी असतील तर देयकावर हरकत घेऊन 'खुलासा व्हावा' असं लिहिण्याची सोय राहते. एकच असतील, तर पगार कितीही चांगला असो, दर मार्चमध्ये पोटात गोळा येणार.

जिल्हा परिषद

सोलापुरात 'झेडपीत आहे' एवढं सांगितलं की लग्नाच्या बाजारात पुढचा प्रश्न येत नाही. पण झेडपीच्या वित्त विभागात दोन प्रकारची माणसं शेजारी शेजारी बसतात आणि त्यांचे मालक वेगळे असतात, हे बाहेरच्यांना माहीत नसतं.

वरची खुर्ची मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्याची, म्हणजे बोलीत 'कॅफो'. हा माणूस झेडपीचा नसतो. तो महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेतला, राज्याच्या वित्त विभागाचा. रोजचं काम सीईओंच्या (झेडपीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या) हाताखाली, पण बदली मुंबईहून. जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ चा, हिशेबाची पद्धत १९६८ च्या लेखा संहितेतली, आणि वित्त समितीचा सचिव पदसिद्ध कॅफोच. म्हणजे पैशाचा विषय समितीसमोर येतो तो त्याच्या हातून. शिक्षणाधिकारी आणि कॅफो दोघेही सीईओंना उत्तर देतात. कॅफो शिक्षणाधिकाऱ्याचा कनिष्ठ नाही. शिक्षण विभागाची फाईल त्याच्याकडे सल्ल्याला आणि तपासणीला येते, हुकमाला नाही. ही रचना मुद्दाम केलेली आहे आणि ती चांगली आहे.

खालची फळी मात्र झेडपीची स्वतःची: कनिष्ठ सहायक (लेखा), वरिष्ठ सहायक (लेखा), कनिष्ठ लेखा अधिकारी, सहायक लेखा अधिकारी. यांची नेमणूक सीईओ करतात, सेवा जिल्ह्यापुरती. अकरा तालुके आहेत, त्यामुळे 'जिल्ह्याबाहेर जाणार नाही' हे खरं असलं तरी करमाळा किंवा माळशिरस हेही जिल्ह्यातच आहे हे विसरू नका. मे महिन्यात बदल्यांच्या समुपदेशनाच्या वेळी ते आठवतं.

या नोकरीचा खरा कस पंचायत समितीत लागतो. समजा मार्चचा शेवटचा आठवडा आहे. शाळाखोली दुरुस्तीचं देयक आलंय. सोबत प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, फोटो, कार्यपूर्णता दाखला, सगळं दोऱ्यात नीट ओवलेलं. मोजमाप पुस्तिका उघडली तर छताच्या गिलाव्याचं परिमाण एक, देयकात दुसरं. निधी मागच्या वर्षीचा. झेडपीला मिळालेला निधी साधारणपणे पुढच्या आर्थिक वर्षाच्या अखेरपर्यंतच खर्च करता येतो, म्हणजे ३१ मार्च हुकला की पैसे परत शासनाकडे. ठेकेदार बाहेर बाकावर, गटविकास अधिकारी (बीडीओ) आत, आणि दोघांनाही आजच सही हवी. सहायक लेखा अधिकारी टिपणीवर लिहितो: 'मो.पु. मधील नोंद व देयकातील परिमाण जुळत नाही, खुलासा व्हावा.' एवढी एक ओळ लिहायला किती जोर लागतो ते लिहिणाऱ्यालाच विचारा. गटविकास अधिकारी त्याचा रोजचा साहेब आहे, पण त्याच्या नेमणुकीचा आदेश बीडीओने काढलेला नाही, सीईओंनी काढलेला आहे, आणि तांत्रिक बाबतीत त्याला कॅफोच्या कार्यालयात फोन करता येतो. त्या फोनवर त्याची टिपणी टिकते. लोकल फंडचं (स्थानिक निधी लेखापरीक्षा विभागाचं) ऑडिट पुढे आलं, किंवा विधिमंडळाची पंचायत राज समिती जिल्ह्यात उतरली, की त्याच ओळीवर त्याची सुटका होते.

आता दुसरी बाजू. मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि सीईओच प्रशासक झाले. सभागृह नाही म्हणजे वित्त समिती नाही. एरवी कॅफो ज्या समितीसमोर आकडे मांडायचा तिचे अधिकार आणि ज्या अधिकाऱ्याला तो रोज उत्तर देतो त्याचे अधिकार, दोन्ही एकाच टेबलावर आले. कुणी गैर केलं असं मी म्हणत नाही. कामं उलट भराभर झाली, असंही बरेच कर्मचारी सांगतात. पण कागदावरची चौकट आणि त्या त्या वर्षातली चौकट यांत फरक पडू शकतो, एवढं लक्षात असू द्या.

विद्यापीठ

पुणे रस्त्यावर केगावला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ आहे. २००४ मध्ये स्थापन झालेलं, एकाच जिल्ह्यापुरतं. इथला कायदा वेगळा: महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६. त्यात वित्त व लेखा अधिकारी हे वैधानिक, म्हणजे कायद्यातच नमूद केलेलं पद आहे, मुदत पाच वर्षांची, आणि हा अधिकारी थेट कुलगुरूंच्या नियंत्रणाखाली. कुलसचिवांच्या हाताखाली नाही, हे नीट वाचा. बाहेरच्यांचा इथे हमखास गोंधळ होतो. वित्त व लेखा समितीचे अध्यक्ष कुलगुरू. अंदाजपत्रक तिथून व्यवस्थापन परिषदेत आणि मग अधिसभेत (सिनेटमध्ये). अधिसभेत प्रश्न विचारणारे पदवीधर आणि प्राचार्य असतात, कधी कधी अगदी टोकदार विचारतात, आणि आकड्यांची उत्तरं या अधिकाऱ्याला तयार ठेवावी लागतात.

एकाच खुर्चीवर दोन वाटांनी माणूस येऊ शकतो. जाहिरात, निवड समिती आणि मुलाखत ही एक वाट. शासनाच्या वित्त व लेखा सेवेतून प्रतिनियुक्ती, म्हणजे मूळ खातं न सोडता ठरावीक काळासाठी येणं, ही दुसरी. खुर्ची तीच, कक्ष तोच, पण बसणाऱ्याचं वजन वेगळं. प्रतिनियुक्तीवर आलेल्याचं मूळ खातं मागे उभं असतं. पटलं नाही तर तो परत जातो, पगार चालूच. निवड समितीतून आलेल्या सनदी लेखापालाला (सीएला) मात्र पाच वर्षं त्याच कुलगुरूंसोबत किंवा नव्या कुलगुरूंसोबत काढायची असतात, आणि मुदत संपल्यावर पुन्हा निवडीला सामोरं जायचं तर त्याच घरात. स्वतःची प्रॅक्टिस सोडून येणाऱ्यांनी हा हिशेब आधी करावा. मला विचाराल तर चाळिशीच्या पुढच्या, गाठीशी थोडं असलेल्या सीएसाठी ही जागा उत्तम आहे, कारण त्याला 'नाही' म्हणणं परवडतं. तिशीतल्या, घराच्या हप्त्याखाली असलेल्या माणसासाठी ती अवघड जागा आहे. शिवाय विद्यापीठांत 'प्रभारी' हा शब्द फार दिवस चालतो, हेही कुणी नवीन सांगायला नको. प्रभारी माणूस ठाम टिपणी लिहीत नाही, त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

खालच्या लेखा विभागातले लिपिक आणि अधीक्षक हे विद्यापीठाचे शिक्षकेतर कर्मचारी. काम सांगतो वित्त व लेखा अधिकारी; नेमणूक आणि शिस्तभंगाचा अधिकार कुलसचिवांकडे. त्यामुळे आज लेखा विभागात, उद्या परीक्षा विभागात असं होऊ शकतं. लेखा हेच करिअर करायचं ठरवलेल्या मुलीला सहा वर्षांनी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांत बसावं लागलं तर तक्रार करायला जागा नाही. उलट बदली कुठेही झाली तरी ती त्याच आवारात होते, दुपारी डबा एकाच ठिकाणी खायचा. ज्यांना आई-वडिलांसाठी सोलापूर सोडायचंच नाही त्यांनी याला जास्त गुण द्यावेत.

वेतन पथक

अनुदानित खाजगी शाळांचा पगार संस्था देत नाही, सरकार देतं. मुख्याध्यापक शालार्थ या ऑनलाइन वेतन प्रणालीत देयक तयार करतात, ते वेतन व भविष्य निर्वाह निधी पथकाकडे जातं, तिथून कोषागारात. पथकाचा अधीक्षक दर महिन्याला कोट्यवधींच्या देयकांवर सही करतो, आणि तो वित्त खात्याचा नसतो. तो शिक्षण खात्याचाच अधिकारी, शिक्षण सेवेतला. त्याच्या वरची सगळी शिडी शिक्षण खात्याची, आपल्या बाबतीत पुण्याच्या विभागीय शिक्षण उपसंचालकांपर्यंत. वैयक्तिक मान्यता (एकेका कर्मचाऱ्याच्या नेमणुकीला मंजुरी) देणारे, शालार्थ आयडी देणारे आणि देयक मंजूर करणारे एकाच घरातले.

२०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडीचं प्रकरण बाहेर आलं, उपसंचालक दर्जाच्या अधिकाऱ्यापर्यंत अटक झाली. न्यायालय काय ठरवायचं ते ठरवेल. माझ्या दृष्टीने रचनेतला दोष त्याआधीही डोळ्यांसमोर होता: मान्यता आणि पैसा एकाच शिडीवर असतील तर मधल्या पायरीवरच्या माणसाने वरच्याचा कागद परत पाठवायचा कसा? अशा पथकात लिपिक म्हणून जाणाऱ्याने प्रत्येक मान्यता आदेशाचा जावक क्रमांक मूळ नोंदवहीशी पडताळायची सवय पहिल्या महिन्यापासून लावून घ्यावी. वेळ जातो, मुख्याध्यापक कुरकुरतात. कुरकुरू द्या.

संस्थेची शाळा, महाविद्यालय

नेमणूक संस्थेची, पगार सरकारचा, हिशेब दोघांचा. शाळांसाठी १९७७ चा खाजगी शाळा कर्मचारी अधिनियम आणि १९८१ ची नियमावली; संस्थेने अन्यायाने काढलं तर शाळा न्यायाधिकरणात दाद मागता येते, हे संरक्षण पुष्कळ मोठं आहे. पण मुख्याध्यापकही संस्थेचा, सचिवही संस्थेचा, आणि वेतनेतर (पगाराशिवायच्या खर्चाच्या) अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र तयार करणारे तुम्ही. शिक्षकेतर भरती वर्षानुवर्षं अडकलेली असते, त्यामुळे जागा मंजूर आहे का, रिक्त आहे का, मान्यता मिळेल का हे कागदावर पाहिल्याशिवाय रुजू होऊ नका. 'मान्यता येईल हो, तोपर्यंत संस्था देईल' या वाक्यावर आपल्या जिल्ह्यात कित्येकांची ऐन उमेदीची वर्षं गेली आहेत.

महापालिका आणि समग्र शिक्षा, थोडक्यात

महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा माध्यमांच्या. त्यांचा पैसा मुख्य लेखापालांमार्फत, म्हणजे आयुक्तांच्या हाताखाली. मुख्य लेखापरीक्षक मात्र कायद्याने स्थायी समितीला अहवाल देतो. ऑडिटची आवड असेल तर महापालिकेच्या इंद्रभवनातल्या या विभागाकडे लक्ष ठेवा. जागा फार निघत नाहीत.

समग्र शिक्षा ही शालेय शिक्षणाची, केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के अशी योजना, २०१८-१९ पासूनची. जिल्ह्यातले लेखा कर्मचारी बहुतांशी करारावर: ठरावीक मुदतीचा आदेश, मग नूतनीकरण. पीएफएमएस, म्हणजे केंद्राच्या ऑनलाइन निधी प्रणालीवरचं काम शिकायला याहून चांगली शाळा नाही. पण नूतनीकरणाच्या प्रस्तावावर ज्यांची सही लागते, त्यांच्याच खर्चाची देयकं तुम्ही तपासणार. दोन-तीन वर्षं अनुभव म्हणून जा, सोबत एमपीएससी आणि झेडपी भरतीचा अभ्यास चालू ठेवा.

वय हा शेवटचा मुद्दा. सरळसेवेला खुल्या प्रवर्गात साधारण ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही मर्यादा धरून चाला, प्रत्येक जाहिरातीत तपासा. पंचविशीच्या आत असाल तर राज्यसेवेतून सहायक संचालक, महाराष्ट्र वित्त व लेखा सेवा, गट-अ हे लक्ष्य ठेवा. त्यातूनच पुढे कॅफोची खुर्ची मिळू शकते आणि विद्यापीठातली प्रतिनियुक्तीही. तिशी ओलांडली असेल आणि घर सोलापुरात असेल तर झेडपीचा कनिष्ठ सहायक (लेखा) हा फॉर्म आधी भरा. जुन्या पेन्शनची आशा कुठेच धरू नका. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर रुजू झालेल्यांचा हिशेब सगळीकडे निराळा आहे. आणि निवड झाली की आदेशातलं 'नियुक्ती प्राधिकारी' हे पद कोणतं लिहिलंय ते रुजू होण्याआधी वाचा.