व्यवस्थापनाचा पहिला पेपर: सिद्धान्तांचा वर्ग घ्यावा की केस स्टडीचा?

पदवीला व्यवस्थापनाचा प्राथमिक पेपर निवडताना बरेचदा दोन पर्याय समोर येतात. एका वर्गात पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने जायचं: व्यवस्थापनाची कार्यं, विचारवंत, संघटन, प्रेरणा, नेतृत्व, नियंत्रण. दुसऱ्या वर्गात दर आठवड्याला एका संस्थेची केस, म्हणजे तिच्यापुढच्या पेचाची हकीकत, वाचून यायची आणि ‘तुम्ही त्या जागी असता तर काय केलं असतं’ यावर बोलायचं. नाव तेच, क्रेडिट तेवढेच, म्हणून मुलं वेळापत्रकाची सोय बघून नाव नोंदवून मोकळी होतात. पण दोन्ही वर्गांतून हाती लागतं ते फार वेगळं असतं.

माझं मत आधीच सांगते. व्यवस्थापन किंवा वाणिज्य हाच तुमचा मुख्य विषय असेल, तर सिद्धान्तांपासून सुरुवात करा. विज्ञान, कला किंवा इंजिनिअरिंगला असाल आणि या विषयाचा हा एकच पेपर घेणार असाल, तर केसचा वर्ग घ्या.

सिद्धान्तांचा वर्ग

या वर्गाचा सांगाडा आजही बराचसा आँरी फेयॉल यांचा आहे. हे फ्रेंच खाण अभियंता १८८८ ते १९१८ अशी तीस वर्षं एका खाण आणि पोलाद कंपनीचे प्रमुख होते. १९१६ मध्ये त्यांनी व्यवस्थापनाची पाच कार्यं मांडली: नियोजन, संघटन, आदेश, समन्वय आणि नियंत्रण. सोबत १४ तत्त्वं. आजची बहुतेक पुस्तकं पाचाची चार करतात, एवढाच फरक.

हे सगळं पाठ करायला सोपं आहे, आणि तिथेच घात होतो. ‘एका कर्मचाऱ्याला एकाच वरिष्ठाकडून आदेश मिळावा’ हे तत्त्व लिहून चार गुण मिळतात आणि मुलं पुढच्या तत्त्वाकडे वळतात. खरी गंमत त्यापुढे आहे. एखादी डिझायनर आपल्या विभागप्रमुखालाही उत्तरदायी आहे आणि प्रकल्पप्रमुखालाही. विभागप्रमुख म्हणतो दर्जा सांभाळ, प्रकल्पप्रमुख म्हणतो शुक्रवारी दे. तिची ओढाताण नेमकी कशामुळे होते, हे फेयॉल एका वाक्यात सांगून जातात. मग प्रश्न उरतो की अनेक मोठ्या संस्था हे तत्त्व जाणूनबुजून मोडून मॅट्रिक्स रचना, म्हणजे एकाच माणसाला दोन वरिष्ठ असलेली रचना, का स्वीकारतात? कारण तज्ज्ञ माणसं एकाच वेळी अनेक प्रकल्पांना पुरवायची असतात, आणि त्यासाठी त्या ही ओढाताण पत्करतात. तत्त्व आणि ते मोडण्याची किंमत, दोन्ही दाखवणारा शिक्षक मिळाला तर या वर्गाला तोड नाही.

कामाच्या पद्धती मोजूनमापून ठरवणारे अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर यांचंही तसंच. अमेरिकेतल्या बेथलेहेम पोलाद कारखान्यात एक मजूर दिवसाला साडेबारा टन कच्चं लोखंड गाडीत भरायचा. कामाची पद्धत, विश्रांती आणि मजुरी बदलल्यावर तो साडेसत्तेचाळीस टन भरू लागला, असं टेलर सांगतात. मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलरवर गेली. म्हणजे काम जवळजवळ चौपट, मजुरीत वाढ साधारण साठ टक्के. या दोन आकड्यांपाशी वर्ग थांबला पाहिजे: उरलेला फायदा कोणाकडे गेला, आणि तो न्याय्य होता का? शिवाय या प्रसंगाचं टेलर यांनी केलेलं वर्णन कितपत खरं, यावर इतिहासकारांनी नंतर शंका घेतल्या आहेत. पुढे १९२४ ते १९३२ दरम्यान शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात प्रयोग झाले. एल्टन मेयो आणि सहकाऱ्यांनी त्यावरून सांगितलं की माणूस नुसत्या मजुरीसाठी काम करत नाही, गट आणि आपुलकीही महत्त्वाची. त्या निष्कर्षांवरही पुढे बरीच टीका झाली. हे विचारवंत वाद म्हणून शिकवले तर डोकं चालायला लागतं, ‘योगदानाचे मुद्दे’ म्हणून शिकवले तर परीक्षेनंतर महिनाभरात विसरतात.

केसचा वर्ग

ही पद्धत मुळात कायद्याच्या शिक्षणातली. हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये ती १८७० च्या दशकात रुजली, आणि १९०८ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या बिझनेस स्कूलने १९२० च्या दशकात ती व्यवसायासाठी उचलली.

ती काय करू शकते, ते एका प्रसंगातून नीट दिसतं. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर हे अंतराळयान उड्डाणानंतर काही क्षणांतच नष्ट झालं आणि सातही अंतराळवीर गेले. आदल्या रात्री थंडीमुळे रॉकेटच्या सांध्यातल्या रबरी रिंगा काम करतील का, यावर चर्चा झाली होती. रिंगांना इजा झालेली आधीची सात उड्डाणं पाहिली तर त्यातलं एक सुमारे १२ अंश सेल्सिअसला झालेलं, एक २४ ला. म्हणजे तापमानाशी संबंध दिसत नाही! पण इजा न झालेली उड्डाणं त्याच आलेखावर मांडली की चित्र पालटतं. ती सगळी १८ अंशांच्या वरची निघतात, आणि त्याखाली झालेल्या चारही उड्डाणांत इजा झालेली दिसते. त्या सकाळी पारा शून्याच्या आसपास असणार होता.

वर्गात हा प्रसंग घेतला की मुलं जोरजोरात वाद घालतात, आणि ‘बाकीच्या उड्डाणांचं काय?’ हे विचारणारं कोणी निघतंच असं नाही. ज्याला ते उशिरा सुचतं, तो पुढे कोणताही अहवाल वाचताना न दाखवलेले आकडे शोधतो. निर्णयप्रक्रियेच्या पायऱ्या पाठ करून ही सवय लागत नाही. एकच पेपर घेणाऱ्याला मी केसचा वर्ग सुचवते तो यासाठीच. डॉक्टर व्हा, संशोधक व्हा, ही सवय कामाला येतेच.

उणिवाही मोठ्या आहेत. पायाभूत संकल्पना नसतील तर चर्चा म्हणजे नुसती मतं, आणि चांगलं बोलणारा जिंकतो. स्थिर खर्च ६०,००० आहे, वस्तू ५० ला विकली जाते, प्रत्येक नगामागे बदलता खर्च ३० आहे. मग ना नफा ना तोटा येण्यासाठी ३,००० नग विकावे लागतील, हे दोन ओळींचं गणित ज्याला येत नाही तो ‘किंमत कमी करूया’ म्हणतो आणि वर्ग माना डोलावतो.

दुसरी अडचण व्यवस्थापनाचे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांनी अनेक वर्षं मांडली आहे. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी त्यांनी पाच संस्थाप्रमुखांच्या दिवसांची बारकाईने नोंद केली होती. त्यांची निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आत संपत होती. दिवस म्हणजे फोन, व्यत्यय आणि अर्धवट माहिती. केसमध्ये मात्र माहिती कोणीतरी आधीच गोळा करून दिलेली असते. अर्थात हाच अभ्यास फेयॉलच्या नीटनेटक्या कार्यांनाही तितकाच अडचणीत आणतो.

मेहनत आणि गुण

सिद्धान्तांचा अभ्यास शेवटच्या पंधरवड्यात उरकता येतो. केसचा येत नाही. दर आठवड्याला दहा-वीस पानं तक्त्यांसह वाचावी लागतात आणि सहभागालाही गुण असतात. बुजरं असणं हे केसचा वर्ग टाळण्याचं कारण होऊ देऊ नका, पण लेखी टिपणाला गुण आहेत का ते विचारा.

काही ठिकाणी सिम्युलेशनही असतं, म्हणजे खऱ्या व्यवसायाची नक्कल करणारा खेळ. एमआयटीमध्ये १९६० च्या दशकात तयार झालेला ‘बिअर गेम’ त्यातला प्रसिद्ध. किरकोळ विक्रेत्याकडच्या मागणीतला छोटासा बदल साखळीत कारखान्यापर्यंत पोचताना कसा फुगत जातो, ते तासाभरात कळतं. जोडीला असेल तर उत्तम, पण अख्खा पेपर त्यावर असेल तर घेऊ नका.

नाव नोंदवण्याआधी

गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका मिळवा. त्यात सगळे प्रश्न ‘१४ तत्त्वे स्पष्ट करा’ छापाचे असतील, तर वाणिज्यच्या विद्यार्थ्यालाही मी केसच्या वर्गाकडे पाठवीन; संकल्पना पुस्तकातून स्वतः वाचता येतात. केसच्या वर्गाबद्दल मागच्या बॅचला एकच विचारा: चर्चा संपल्यावर शिक्षक फळ्यावर काही बांधून देतात, की ‘सगळ्यांचे मुद्दे छान होते’ म्हणून तास संपतो? दुसरं उत्तर आलं तर सरळ सिद्धान्तांचा वर्ग घ्या आणि चॅलेंजरसारखे प्रसंग चार मित्र जमवून स्वतः सोडवा.