बिल्डर कंपनीचा शेअर पडलाय: धरायचा, ॲव्हरेज करायचा का विकून मोकळं व्हायचं?

राजारामपुरीतल्या दुकानदारापासनं शिरोली एमआयडीसीतल्या सुपरवायझरपर्यंत, ज्याला विचारावं त्याच्या डीमॅटला एखादी तरी बिल्डर कंपनी लाल रंगात पडून आहे, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, आता काय करू. २०२४ मध्ये रिअल्टीचे, म्हणजे बिल्डर कंपन्यांचे, शेअर वर चालले होते तेव्हा घेतलेले, कंपनी म्हणतीय बुकिंग जोरात आहे, पेपरात पानभर जाहिरात येतीय, टॉवर लॉन्च झाला की फ्लॅट संपले म्हणून बातमी, आणि शेअर मात्र खालीच. राग येणारच की, ह्यात कुणाच्या पोराच्या इंजिनिअरिंगच्या फीचे पैसे आहेत, कुणाच्या पीएफचे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण वेगवेगळ्या कंपन्यांबद्दल लोक हेच बोलायलेत आणि प्रश्न सगळ्यांचा सारखाच आहे.

हिशोबाला सोपं पडावं म्हणून धरूया की १०० शेअर ८०० नं घेतलेत, ८० हजार गेले, आणि आज भाव ४०० आहे. नुसतं धरून बसलात तर मुद्दल परत मिळायला शेअर दुप्पट व्हायला पाहिजे. ॲव्हरेज केलं, म्हणजे ४०० नं आणखी १०० घेतले, तर सरासरी ६०० वर येती, आता दीडपट झाला तरी सुटलात, ऐकायला बरं वाटतंय, पण आता एकाच कंपनीत १ लाख २० हजार अडकले हे कुणी मोजत नाही. आणि विकलात तर ४० हजार हातात, ४० हजार गेले. तिन्हीत तुमचा खरेदीचा ८०० हा आकडा फक्त तुम्हाला माहित आहे, कंपनीला आणि मार्केटला त्याचं काय सोयरसुतक नाही. त्यामुळं ८०० कधी येणार हा प्रश्न बाजूला ठेवून, आज हातात रोख ४० हजार असते तर हीच कंपनी घेतली असती का, हे विचारायला पाहिजे. उत्तर नाही असेल तर ॲव्हरेज करायचा विषयच येत नाही.

बुकिंग होतंय तर शेअर का पडतोय

हे समजलं नाही तर तिन्हीतला कुठलाच निर्णय नीट होणार नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बिल्डर कंपनीचा तिमाही नफा बघून काय कळत नाही. २०१८ पासनं इंड एएस ११५ नावाचा हिशोबाचा नियम लागू आहे, त्यामुळं बहुतेक कंपन्या फ्लॅट बांधून पुरा होऊन ताबा द्यायच्या टप्प्यावर येतो तेव्हाच त्याची विक्री हिशोबात धरतात. म्हणजे आज दिसणारा नफा हा तीनचार वर्षांपूर्वी विकलेल्या फ्लॅटचा, आणि आजचं बुकिंग नफ्यात दिसायला अजून तेवढीच वर्षं. एका तिमाहीत नफा पाचपट, पुढच्या तिमाहीत तोटा, असं होतं ते ह्यामुळंच, आणि आपला माणूस नफा वाढलाय बघून घेतो आणि घटला बघून घाबरतो.

बघायचं काय तर तीन आकडे. प्री-सेल्स म्हणजे ह्या तिमाहीत किती रुपयांचं बुकिंग झालं, कलेक्शन म्हणजे आधीच्या आणि आत्ताच्या बुकिंगचे ह्या तिमाहीत खरोखर किती पैसे जमा झाले, आणि नेट डेट म्हणजे हातातली रोकड वजा करून कर्ज किती उरतंय. हे इन्व्हेस्टर प्रेझेंटेशनमध्ये असतंय, बीएसई एनएसईच्या साईटवर फुकट मिळतंय. बुकिंग वाढतंय पण कलेक्शन वाढत नाही आणि कर्ज मात्र वाढतंय, असं सलग दिसलं तर ते बुकिंग कागदावरचं समजायचं. पडायचं दुसरं साधं कारण म्हणजे चढतानाच पुढच्या चारपाच वर्षांची वाढ भावात धरून झालेली असती, मग एखादं लॉन्चिंग परवानगीत अडकून पुढं गेलं तरी शेअर आपटतो, कंपनी वाईट झालेली नसताना पण.

चौथा आकडा प्रमोटरच्या प्लेजचा. मालकानं आपले शेअर गहाण ठेवून कर्ज काढलं असेल तर भाव पडला की कर्ज देणारा आणखी तारण मागतो, नाही दिलं तर गहाण शेअर बाजारात विकतो, त्यानं भाव आणखी पडतो. दर तिमाहीनंतर २१ दिवसांच्या आत शेअरहोल्डिंग पॅटर्न जाहीर करावा लागतो, त्यात प्लेजचा कॉलम असतो. माझं मत स्पष्ट आहे, प्लेज जास्त आणि वाढत चाललेलं दिसलं तर ॲव्हरेज तर सोडाच, धरून पण बसू नये.

धरून बसणं आणि ॲव्हरेज करणं

"कधी ना कधी येतोच की वर," असं आपल्याकडं फार म्हणतात. डीएलएफ ह्या बिल्डर कंपनीचं बघा. २००७ मध्ये ५२५ रुपयांनी आयपीओ, म्हणजे लोकांना पहिल्यांदा शेअर विकायचा इश्यू, आला, २००८ च्या जानेवारीत हजाराच्या वर गेला, मंदीत २००९ मध्ये दीडशेच्या खाली आला, आणि त्यानंतर परत ५२५ दिसायला २०२३ उजाडलं. ही जगलेली, मोठी झालेली कंपनी आहे तरी ही गोष्ट. तेवढी १५ वर्षं ७ टक्क्यांनी पैसे ठेवीत असते तर पावणेतीनपट झाले असते. आणि युनिटेक, २००८ च्या सुरुवातीला ५०० च्या वर होता, पुढं एक आकडी झाला, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या परवानगीनं सरकारनं नेमलेलं संचालक मंडळ तिथं आलं. एचडीआयएलचा आयपीओ पण २००७ चाच, ५०० रुपयांनी, २०१९ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ज्यांनी युनिटेक ३०० ला, १०० ला, ४० ला, २० ला ॲव्हरेज केला त्यांची सरासरी दरवेळी सुंदर दिसत गेली आणि पैसे जात राहिले.

म्हणून धरणं आणि ॲव्हरेज करणं ह्या दोन्हीत मी मोठा फरक करतो. धरण्यात गेलेला पैसाच अडकून राहतो, ॲव्हरेजमध्ये नवा पैसा आत जातो, आणि तो नवा पैसा कुठून येतोय हे बघा, उसाचं बिल आलं की टाकू, बोनस आला की टाकू. कर्ज कमी, कलेक्शन वाढतंय, प्लेज शून्य, तर धरा, माझी काय हरकत नाही. ॲव्हरेज मात्र रिझल्टमध्ये काहीतरी सुधारलेलं दिसल्यावरच करा, भाव पडला एवढं कारण पुरेसं नाही. आणि एका कंपनीत एकूण किती घालायचे ह्याची मर्यादा आधी ठरवा, नंतर नाही. कर्ज काढून किंवा ब्रोकरच्या मार्जिनवर, म्हणजे त्याच्या उधारीवर, ॲव्हरेज करणाऱ्याला तर मी हात जोडून सांगीन, नको भावा.

विकण्यातला फायदा, जो कुणी सांगत नाही

तोटा बुक केला की त्याचा टॅक्समध्ये उपयोग होतो. २३ जुलै २०२४ पासनं शेअरवर अल्पमुदतीच्या नफ्याला २० टक्के आणि दीर्घ मुदतीच्या नफ्याला वर्षाला सव्वा लाखाच्या वर साडेबारा टक्के टॅक्स आहे. घेऊन १२ महिने व्हायच्या आत विकला तर तोटा अल्पमुदतीचा, आणि तो दोन्ही प्रकारच्या नफ्यातनं वजा होतो. १२ महिने उलटून गेले की तो दीर्घ मुदतीचा तोटा झाला, आणि तो फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातनंच वजा होतो. त्यामुळं विकायचंच ठरलं असेल आणि वर्ष भरायला आलं असेल तर तारीख बघा. वरच्या उदाहरणात ४० हजारांचा अल्पमुदतीचा तोटा आणि दुसऱ्या शेअरमध्ये तेवढाच अल्पमुदतीचा नफा असेल तर सेस सोडून ८ हजार वाचले. यंदा नफाच नसेल तर तोटा पुढची ८ वर्षं ओढता येतो, पण त्यासाठी रिटर्न मुदतीत भरलेला पाहिजे, इथं खूप लोक मार खातात. आणि दीर्घ मुदतीचा नफा सव्वा लाखाच्या आतच असेल तर त्यातनं तोटा वजा करून काही वाचत नाही, कारण तोटा आधी वजा होतो आणि सूट नंतर लागती. सीएला हे विचारून घ्या.

शेअरवाल्याचं स्थान कुठं आहे

मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे. त्याच कंपनीचा फ्लॅट घेतलेल्या माणसाला महारेरा, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, आहे, त्यानं भरलेल्या पैशातले ७० टक्के त्याच प्रोजेक्टच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, कंपनी दिवाळखोरीत गेली तर २०१८ पासनं त्याला कर्जदात्यांमध्ये धरतात. शेअर घेतलेला माणूस रांगेत सगळ्यात शेवटी. डीएचएफएलमध्ये, ती घरकर्ज देणारी कंपनी होती, २०२१ मध्ये शेअरहोल्डरच्या हातात शून्य आलं. भाव पडला म्हणून सेबीच्या स्कोअर्स ह्या तक्रारीच्या साईटवर तक्रार करून उपयोग नाही, ते डिव्हिडंड, ट्रान्सफर, खोटी माहिती असल्या गोष्टींसाठी आहे. आणि पैसे कमी पडले की कंपनी क्यूआयपी करून मोठ्या फंडांना शेअर देती, फ्लोअर प्राइसवर, म्हणजे नियमानं ठरणाऱ्या किमान भावावर, ५ टक्क्यांपर्यंत सूट देऊन, तिथं आपल्याला ते शेअर मिळत नाहीत, आपला हिस्सा मात्र तेवढा पातळ होतो. राइट्स इश्यू, म्हणजे जुन्या शेअरहोल्डरनाच नवे शेअर देऊ करणं, आणला असता तर आपल्याला पण संधी मिळाली असती.

तरी हातात काहीच नाही असं पण नाही. महारेराच्या साईटवर कंपनीच्या महाराष्ट्रातल्या प्रत्येक प्रोजेक्टची ताब्याची तारीख, ती किती पुढं ढकलली, किती फ्लॅट बुक झाले हे दिसतं, आणि ते बघायला फ्लॅट घेतलेला असायची गरज नाही. एजीएम म्हणजे वार्षिक सभा बऱ्याच कंपन्या आता व्हिडिओवर घेतात, आधी नाव नोंदवलं तर एक शेअर असला तरी प्रश्न विचारता येतो, कोल्हापुरातनं मुंबईला जायला नको. कर्ज किती, प्लेज का, क्यूआयपीचे पैसे कुठं गेले, हे विचारा, भाव कधी वाढणार हे विचारू नका.

विकलेले पैसे कुठं घालायचे

प्रॉपर्टीतच राहायचं असेल तर रीट बघा, म्हणजे भाड्याच्या इमारतींतला हिस्सा युनिटच्या रूपात शेअरसारखा घ्यायचा. ह्यात तयार, भाड्यानं दिलेली ऑफिस किंवा मॉल असतात, किमान ८० टक्के मालमत्ता पूर्ण झालेली आणि भाडं देणारी लागती, वाटण्याजोग्या रोकडीतला ९० टक्के हिस्सा युनिटवाल्यांना द्यावाच लागतो. एम्बसी २०१९ मध्ये पहिला आला, मग माइंडस्पेस, ब्रुकफिल्ड, नेक्सस, आणि २०२१ पासनं एक युनिट पण घेता येतंय. ह्यात दुप्पट व्हायची आशा धरू नका, भाव ह्याचा पण खालीवर होतो, पण ज्याला रात्री झोप पाहिजे त्याला बिल्डरच्या शेअरपेक्षा हे बरं. निफ्टी रिअल्टी ह्या बिल्डर कंपन्यांच्या इंडेक्सवर चालणारे फंड पण आहेत, मला ते खास पटत नाहीत, त्या इंडेक्समध्ये १० च कंपन्या आहेत आणि पडताना सगळ्या एकदम पडतात.

पाचगाव कळंब्याकडं गुंठाभर घेतली असती तर बरं झालं असतं, असं म्हणणारे पण भेटतात. ४० हजारात गुंठा येत नाही हे सोडा, पण जागा घेणाऱ्यानं एनए आहे का, सातबाऱ्यावर नावं किती, आणि नदीकडं असेल तर पूररेषेत येती का हे बघितल्याशिवाय बयाणा देऊ नये, २०१९ आणि २०२१ चा पूर आपण बघितलाय.

निवृत्त माणूस असेल, हे पैसे दोनतीन वर्षांत लागणार असतील, तर मी विका म्हणीन, कंपनी चांगली असली तरी. तरुण आहे, पगार चालू आहे, आणि ते चारही आकडे ठीक आहेत तर धरा. मधल्यांनी, ज्यांना कळतच नाही त्यांनी, निम्मे विकून तोटा टॅक्सला लावा आणि निम्मे ठेवून पुढच्या रिझल्टची वाट बघा, तिमाही संपल्यावर ४५ दिवसांत आणि मार्चचा ६० दिवसांत जाहीर करावाच लागतोय, आणि तोपर्यंत त्यात एक रुपया पण नवा घालू नका.