बाबांची डीबीएस शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे प्रोग्रॅमिंग : पुण्यातील एका रुग्णालयाचा अनुभव

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले. त्यांना पार्किन्सन्स होऊन अकरा वर्षे झाली असून, गेल्या वर्षी पुण्यातील एका खासगी रुग्णालयात त्यांच्यावर डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजेच डीबीएस ही मेंदूत बारीक तारा बसवून विजेची स्पंदने देण्याची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रियेला चौदा महिने उलटून गेल्यावर हे लिहीत आहे, कारण या सेवेचा कस पहिल्या महिन्यात लागत नाही. काही तक्रारीही लिहायच्या असल्याने रुग्णालयाचे नाव देत नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी बाबांना लेव्होडोपा या पार्किन्सन्सवरील मुख्य औषधाची गोळी दिवसातून सहा वेळा घ्यावी लागत असे. तिचा अंमल चढला की हातपाय आपोआप वळवळत, ओसरला की खुर्चीतून उठता येत नसे, आणि या दोहोंच्या मध्ये शांतपणे जेवता येईल असा काळ जेमतेम तासाभराचा उरला होता. बँकेत सही जुळेनाशी झाली होती. ज्या माणसाने आयुष्यभर एकसारख्या जाडीच्या रेषा ओढल्या, त्याचे अक्षर ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत मुंगीएवढे होत असे.

या रुग्णालयाची पहिली जमेची बाजू म्हणजे त्यांनी शस्त्रक्रियेची घाई केली नाही. आधी रात्रभर औषध बंद ठेवून सकाळी बाबांची तपासणी केली: बोटांची चिमूट भराभर उघडणे-मिटणे, हाताची घडी घालून खुर्चीतून उठणे, चालत जाऊन वळणे, कागदावर चक्राकार रेषा काढणे. मग औषधाचा जास्त डोस देऊन तासाभराने तेच सर्व पुन्हा करून घेतले आणि दोन्ही वेळचे गुण मांडून दाखवले. औषधाने किमान ३० टक्के सुधारणा दिसली, तरच डीबीएसचा विचार करण्याचा प्रघात आहे. कारण कंप सोडला, तर जे लक्षण लेव्होडोपाला दाद देत नाही ते सहसा या उपचारालाही देत नाही. स्मरणशक्तीची आणि मनःस्थितीची चाचणी वेगळी झाली. त्या दिवशी आमच्याबरोबर आलेल्या दुसऱ्या एका गृहस्थांना डॉक्टरांनी तुम्हाला याचा उपयोग होणार नाही, असे स्पष्ट सांगितले. त्यांच्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आले, आणि मलाही ते पाहवले नाही. तरीही लाखो रुपयांचा खर्च करू पाहणाऱ्या कुटुंबाला नकार देणाऱ्या डॉक्टरांवर माझा विश्वास बसला तो त्याच दिवशी.

उपचारामागचा विचार आम्हाला मराठीत, चित्र काढून समजावला गेला. हालचालींसाठी लागणारे डोपामिन हे मेंदूतील रसायन कमी पडले की मेंदूच्या तळाशी असलेले, काही मिलिमीटरचे सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाचे केंद्र वाजवीपेक्षा जास्त सक्रिय होते आणि हालचालींना जणू ब्रेक लावते. अमेरिकेतील माहलॉन डीलाँग यांच्या गटाने १९९० मध्ये माकडांवरील प्रयोगांतून या केंद्राची भूमिका दाखवली. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे आलिम-लुई बेनाबिद यांनी १९८७ पासूनच मेंदूचा भाग जाळण्याऐवजी विजेच्या जलद स्पंदनांनी कंप थांबवण्यास सुरुवात केली होती आणि १९९३ मध्ये त्यांनी हेच केंद्र निवडले. जाळलेला भाग परत येत नाही. येथे मात्र स्पंदने कमी-जास्त करता येतात, वेळ पडल्यास बंदही करता येतात. बाबांनी होकार दिला तो या एका मुद्द्यावर.

शस्त्रक्रियेविषयी मला फार लिहायचे नाही. डोक्याला धातूची चौकट बसवून, स्कॅन करून, बाबा जागे असतानाच दोन्ही बाजूंच्या तारा बसवल्या गेल्या. तारेने टिपलेल्या मेंदूतील पेशींच्या विद्युत संकेतांचा आवाज स्पीकरवर रेडिओचे स्टेशन शोधताना होणाऱ्या खरखरीसारखा येत होता, असे त्यांनी नंतर सांगितले. छातीत, गळपट्टीच्या हाडाखाली बॅटरी बसवताना मात्र पूर्ण भूल दिली होती. परिचारिकांनी औषधाच्या वेळा मिनिटाच्या हिशेबाने पाळल्या. पार्किन्सन्सच्या घरात राहणाऱ्यालाच याचे मोल कळेल.

खरी सेवा सुरू झाली ती चार आठवड्यांनी, प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या भेटीत. बाबांच्या प्रत्येक तारेवर चार संपर्कबिंदू आहेत आणि त्यांपैकी कोणत्या बिंदूतून, किती प्रवाह सोडायचा हे प्रत्येक रुग्णासाठी वेगळे ठरवावे लागते. डॉक्टरीणबाई टॅब्लेट घेऊन बाबांच्या समोर गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. सेकंदाला १३० स्पंदने हा वेग ठेवून त्यांनी एकेका बिंदूचा प्रवाह थोडा थोडा वाढवत नेला, आणि प्रत्येक पायरीला बाबांचे मनगट स्वतःच्या हाताने वाकवून ताठरपणा किती उतरला ते पाहिले. मग म्हणाल्या, "काका, आता चैत्रापासून महिने म्हणा बघू." बाबा श्रावण-भाद्रपदापर्यंत नीट आले, मार्गशीर्षावर जीभ अडखळली आणि ओठाचा उजवा कोपरा किंचित ओढला गेला. प्रवाह शेजारच्या मज्जातंतूंपर्यंत पोहोचल्याची ती खूण होती. त्यांनी लगेच एक पायरी खाली आणून बिंदू बदलला आणि पुन्हा चैत्रापासून सुरुवात केली. दीड तास हेच चालले होते. त्या काळात त्यांनी एकदाही घड्याळाकडे पाहिले नाही. अशा पाच भेटी झाल्या आणि सहा गोळ्यांच्या तीन झाल्या.

मधल्या काळात एक चूक झाली, तीही लिहिली पाहिजे. औषध जरा लवकर कमी केले गेले आणि बाबा गप्प गप्प राहू लागले. हालचाल उत्तम, पण कशातच मन नाही. आई म्हणाली, "हात थरथरत होता तेव्हा हे निदान माझ्याशी भांडत तरी होते." आम्ही हे कळवल्यावर डॉक्टरांनी ते मनावर घेऊन गोळीचा अर्धा डोस परत वाढवला आणि दोन-तीन आठवड्यांत फरक पडला. मात्र असे होऊ शकते, हे आम्हाला आधी कोणीही सांगितले नव्हते.

दुसरी तक्रार संमतिपत्राची आहे. ते संपूर्ण इंग्रजीत होते. मेंदूत रक्तस्राव, जंतुसंसर्ग, बोलण्यावर होणारा परिणाम यांविषयीचा कागद ज्याच्या मेंदूत तार जाणार आहे त्याला स्वतःच्या भाषेत वाचायला मिळू नये, हे पुण्यासारख्या शहरात अक्षम्य आहे. तिसरी तक्रार खर्चाच्या अंदाजपत्रकाची: प्रोग्रॅमिंगचे शुल्क त्यात धरलेले नव्हते, ते प्रत्येक भेटीला वेगळे द्यावे लागले. विम्याबाबत एक माहिती उपयोगी पडेल. विमा नियामकाने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत, पॉलिसीतून वगळता येणार नाहीत अशा आधुनिक उपचारांमध्ये डीबीएसचा समावेश केला आहे. कंपन्यांना रकमेची मर्यादा घालण्याची मुभा मात्र आहे, म्हणून आपल्या पॉलिसीतील ही मर्यादा आधीच लेखी विचारून घ्यावी.

आज बाबा स्वतः शर्टाची बटणे लावतात आणि बँकेत सही करतात. तोल मात्र सुधारलेला नाही, दारातून जाताना पाय अजूनही अडखळतात आणि आवाज पूर्वीपेक्षा थोडा खाली गेला आहे. रोग पुढे सरकतोच आहे. डीबीएस त्याला थांबवत नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते.

या मार्गाने जाऊ पाहणाऱ्यांनी आधी पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळात शस्त्रक्रिया झालेल्या एखाद्या शुभार्थींना (म्हणजे रुग्णाला) आणि त्यांच्या शुभंकरांना (म्हणजे काळजी घेणाऱ्यांना) भेटावे. रुग्णालयात शल्यचिकित्सकांच्या अनुभवाइतक्याच आग्रहाने प्रोग्रॅमिंग कोण करणार, ती व्यक्ती आठवड्यातून किती दिवस तेथे असते आणि एका रुग्णाला किती वेळ देते, हे विचारावे. भेटीची वेळ सकाळची पहिलीच मागून घ्यावी. औषध न घेता यावे लागत असल्याने बाहेरच्या बाकावर काढलेला प्रत्येक तास रुग्ण आखडून बसतो, आणि तिसऱ्या भेटीच्या वेळी बाबांनी असे अडीच तास काढले आहेत.