कमाटीबागेत आधी संग्रहालय, मग फुलांचं घड्याळ आणि गाडी

बडोद्यात पाहुणे आले की त्यांना कमाटीबाग दाखवायची, हा इथल्या मराठी घरांचा ठरलेला शिरस्ता. कागदोपत्री नाव सयाजीबाग, पण रिक्षावाल्याला कमाटीबागच सांगा. स्टेशनपासून अंतर साधारण एक किलोमीटर. सामान नसेल तर सयाजीगंजातून काळ्या घोड्यापर्यंत, म्हणजे बागेच्या दाराजवळच्या सयाजीरावांच्या अश्वारूढ पुतळ्यापर्यंत, चालत यावं. बहुतेक मंडळी आत शिरली की थेट मुलांच्या छोट्या आगगाडीच्या रांगेत लागतात. 113 एकरांतली सगळ्यात मोलाची जागा, म्हणजे संग्रहालय, मग बंद व्हायच्या वेळेला आठवते.

बाग 1879 सालची. श्रेय सयाजीराव महाराजांना दिलं जातं आणि पुढे तिला रूप आणलं त्यांनीच, यात वाद नाही. पण त्या वर्षी महाराज जेमतेम 16 वर्षांचे होते आणि कारभाराचे पूर्ण अधिकार त्यांना मिळाले डिसेंबर 1881 मध्ये. तोवर राज्य पाहत होते दिवाण सर टी. माधवराव, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. बागेच्या गोष्टीत त्यांचं नाव सहसा कुणी घेत नाही. घ्यायला हवं.

संग्रहालयाची इमारत 1894 मध्ये तयार झाली. शेजारचं चित्रदालन 1914 मध्ये बांधून झालं, पण पहिल्या महायुद्धामुळे विकत घेतलेली चित्रं युरोपातच अडकली आणि दालन उघडायला 1921 उजाडलं. गर्दी होते ती इजिप्तच्या ममीभोवती. ती बघाच, पण जास्त वेळ द्या देवमाशाला. 1944 मध्ये मही नदीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा हा सांगाडा, लांबी 70 फुटांच्या वर. मुलं आधी दात शोधतात. ते सापडणार नाहीत, कारण हा मासा (मासा म्हणायचं तेवढं, प्राणी सस्तन) दातांऐवजी तोंडातल्या झालरीने पाणी गाळून खातो. खालच्या जबड्याची दोन लांब कमानी हाडं पुढे एकमेकांना जुळलेली नसतात, तेही दाखवा. पुढच्या परांत बोटांच्या हाडांच्या रांगा स्पष्ट दिसतात.

त्यानंतर अकोट्याच्या जैन कांस्यमूर्ती. अकोटा म्हणजे बडोद्यातलंच, विदर्भातलं अकोट नव्हे. तिथे 68 कांस्यवस्तूंचा साठा सापडला, पाचव्या ते अकराव्या शतकांतला. मूर्ती लहान आहेत, म्हणून लोक पुढे सरकतात. काचेजवळ जाऊन डोळे बघा, काहींत चांदी जडवली आहे. घाई न करता संग्रहालय आणि चित्रदालन मिळून दोन तास धरा. उन्हाळ्यात दुपारी एकनंतर आत उकडतं, तेव्हा उघडल्या उघडल्या जा. संग्रहालय, प्राणिसंग्रहालय आणि तारांगण यांची तिकिटं वेगळी आणि साप्ताहिक सुट्ट्याही सारख्याच असतील असं धरू नका. तारांगणात पुढचा खेळ कोणत्या भाषेत आहे ते तिकीट काढण्याआधी विचारा.

फुलांचं घड्याळ साधारण 20 फूट व्यासाचं आहे. यंत्र जमिनीखाली, वर फक्त काटे. असल्या घड्याळाची डोकेदुखी म्हणजे झाडंच. काटे वाफ्यावरून फिरतात, त्यामुळे रोपं बुटकी ठेवून सारखी छाटावी लागतात. पावसाळ्यात छाटणी चार दिवस लांबली की काटा पानांत अडकतो. खाली पाणी साचलं तर यंत्रालाही त्रास. वेळ चुकलेली दिसली तर माळ्याला दोष देण्याआधी महिना कोणता ते बघा.

मुलांची गाडी पूर्वी अगदी अरुंद रुळांवर धावायची. आताची मोठी आहे, आजीआजोबाही आरामात बसतात. रविवारी संध्याकाळी रांग लांबते, त्यापेक्षा आठवड्याच्या मधल्या दिवशी चारच्या सुमाराला जा. प्राणिसंग्रहालय ठीकठाक.

खरी जपायची गोष्ट म्हणजे विश्वामित्री. ही नदी बागेतूनच वाहते आणि तिच्यात मगरी आहेत, पिंजऱ्याबाहेरच्या. कठड्यावरून बघा, उतारावर पाऊल टाकू नका. मगर सहसा मार्च-एप्रिलमध्ये काठाच्या मातीत अंडी घालते आणि तिथेच राखण करते. त्या दिवसांत काठाजवळची सुकी, मोकळी माती सगळ्यात धोक्याची. पावसाळ्यात नदी फुगली की मगरी काठावर चढतात, रस्त्यावरही दिसतात. ऑगस्ट 2024 च्या पुरात नदी काठ सोडून शहरात शिरली होती. पाणी ओसरल्यावर पायवाटांवर गाळाचा बारीक थर राहतो आणि त्यावर चपला घसरतात. जोरदार पावसानंतर आठ-दहा दिवस वयस्कर मंडळींना नदीकडच्या बाजूला नेऊ नका. सकाळच्या फिरायला वरच्या सपाट वाटा पुष्कळ आहेत.

खायचं बाहेर पडूनच खा. बडोद्यात आलात तर सेवउसळ हवीच. वाटाण्याच्या उसळीवर शेव आणि लाल तरी, सोबत पाव. तरी वेगळ्या वाटीत मागा, नाहीतर मुलं एका घासात पाण्याचा तांब्या रिकामा करतील.