नागा दगडी कुऱ्हाड, ऑनलाइन मागवलेली: ५ पैकी २ स्टार

आधीच सांगून टाकतो, शोकेसमध्ये ठेवायला घेत असाल तर घ्या, पण जाहिरात वाचून भुलला असाल तर जरा थांबा. मी १८५० रुपये मोजले, नाव होतं 'नागा लोकांचं पारंपरिक दगडी शेती अवजार, आजही वापरात'. चोपड्याला पार्सल यायला नऊ दिवस, वर आणणारा पोरगा गल्लीत यायलाच तयार नाही, स्टँडवर या म्हणे.

खोका उघडला तर दगड देखणा आहे हो, काळसर हिरवट, तळहाताएवढा, पुढं पातं रुंद आणि मागं दांड्यात बसावा म्हणून दोन्हीकडून खांदे काढलेले. हा खांद्याचा आकार बरोबर आहे, नवाश्मयुगातल्या अशा कुऱ्हाडी ईशान्य भारतात आणि पुढं आग्नेय आशियात सापडतात, तेवढा अभ्यास विकणाऱ्याने केलाय. पण त्या बनायच्या कशा, आधी दगड ठोकून आकार द्यायचा आणि मग दुसऱ्या दगडावर घासत बसायचं. आमच्या आबांनी जात्याला टाकी लावताना लई बघितलंय, त्यांनी चष्मा पुसला, खांद्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हाऊ ते कटरना दगड शे रे भो." उन्हात धरून बघितलं तर खरंच, खांद्याच्या आतल्या कोपऱ्यात बारीक समांतर रेघा, फरशी कापल्यावर येतात तशा. बाहेरून पॉलिश मारलं अन् कोपरा विसरले.

आणि ते 'आजही वापरात' म्हणजे निव्वळ थाप. नागा लोक झूम शेती करतात, जंगल तोडून जाळून पेरणी, त्यांच्यातल्या अंगामी जमातीच्या खोनोमा गावाला तर डोंगरावर पायऱ्यापायऱ्यांची भातशेती आहे, पण तोडायला हातात दाओ, म्हणजे त्यांचा कोयता, असतो तो लोखंडी, कुदळपण लोखंडाची. दगडी कुऱ्हाडी त्यांनाच जमिनीत सापडायच्या आणि ही आभाळातून पडलेली वीज असं ते मानायचे. आता एवढी भारी गोष्ट सोडून खोटं कशाला लिहायचं, ही लिहिली असती तर मी अजून शंभर जास्त दिले असते ना! आपल्या खानदेशातल्या प्रकाशा गावाला, तापी-गोमाईच्या संगमावर, १९५४-५५ च्या उत्खननात ताम्रपाषाण काळातली दगडाची बारीक पाती निघाली, म्हणून काय आपण आजही त्यांनीच ज्वारी कापतो?

राहवलं नाही म्हणून बांधावरच्या वाळल्या पऱ्हाटीवर मारून बघितली. दोन घाव ठीक गेले, तिसऱ्याला दांडा हलला. वरून वेताची बांधणी, खाली सुतळी आणि तिच्याखाली एम-सीलचा गोळा! दगड मात्र चिरला नाही, त्याचा एक स्टार. दुसरा पॅकिंगचा, भरपूर पेंढा होता, गायीने खाल्ला.

तक्रार केली तर वस्तू सात दिवसांत परत करा, पूर्ण पैसे देतो म्हणाले, बोलायला चांगले होते. पण तोवर आजीने दगड दांड्यातून सोडवून गच्चीवर नेला होता, बिबडे, म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, वाळत घातलेल्या लुगड्याचं टोक वाऱ्याने उडतं त्यावर ठेवायला. मागायला गेलो तर म्हणे, "बिबडा सुकू दे, मंग दखसूत." आज आठवा दिवस आहे.